अर्ल अँथनी: सात स्पर्धांतलं शून्य आणि वीस वर्षांनंतरचं शिखर

१९६३ साली अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरातला पंचवीस वर्षांचा एक डावखुरा तरुण टेनपिन बोलिंगच्या व्यावसायिक दौऱ्यावर निघाला. सात स्पर्धा खेळला. बक्षिसाची रक्कम ज्या क्रमांकापर्यंत मिळते, त्याच्या खालीच तो सातही वेळा राहिला. एक डॉलरही हाती लागला नाही. घरी परतला आणि पुन्हा नोकरीच्या रहाटगाडग्याला जुंपून घेतलं.

१९८३ साली ओहायो राज्यातल्या टोलीडो शहरात राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा झाली. ती सलग तिसऱ्या वर्षी जिंकणारा, पंचेचाळिशीला टेकलेला, चष्मा लावणारा आणि केस अगदी बारीक कापलेला माणूस म्हणजे हाच अर्ल अँथनी. त्याचं ते सहावं राष्ट्रीय विजेतेपद होतं. व्यावसायिक बोलिंगपटूंच्या संघटनेची म्हणजे पीबीएची ४१ विजेतेपदं जिंकून तो निवृत्त झाला. तोवर इतकी कुणीच जिंकली नव्हती.

पुण्यात मी शाळा-कॉलेजच्या खेळाडूंना सरावाचं नियोजन करून देतो. निवड चाचणीतून बाहेर पडलेली मुलं आईवडिलांना घेऊन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: आता वय निघून गेलं का? अशा वेळी मी त्यांच्यापुढे हे प्रकरण ठेवतो. अँथनीबद्दल लिहिणारे त्याच्या विजेतेपदांपाशी रमतात. मला मात्र त्याच्या कारकिर्दीचा सगळा भार १९६३ आणि १९७० यांच्या मधल्या काळावर उभा आहे असं वाटतं. त्या काळात त्याच्या नावावर एकही विजेतेपद नाही.

आधी खेळ समजून घेऊ

आपल्याकडे बोलिंग म्हटलं की मॉलमधला वाढदिवस आठवतो. रंगीत दिवे, भाड्याचे बूट, जोरात भिरकावलेला बॉल आणि तो गटरमध्ये गेला की हशा. स्पर्धेतला खेळ फार वेगळा. जिच्या पुढे पाय टाकायचा नाही त्या फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फुटांची लेन. रुंदी जेमतेम साडेतीन फूट आणि तेवढ्यात ३९ उभ्या पट्ट्या. खेळाडू पिनकडे बघून बॉल टाकत नाही. तो पुढच्या बाणांच्या खुणांवर नजर ठेवतो आणि 'आठव्या पट्टीवरून' किंवा 'दहाव्या पट्टीवरून' असा हिशेब करतो. लेनच्या पहिल्या मोठ्या भागावर तेलाचा पातळ थर असतो. तेलावर बॉल घसरत जातो. तेल संपलं की लाकडाला पकडतो आणि वळतो. हे वळण म्हणजे हुक. डावखुऱ्याचा बॉल पहिल्या आणि दुसऱ्या पिनच्या मधल्या फटीत शिरला पाहिजे. त्या जागेला पॉकेट म्हणतात.

एक बारकावा मला फार आवडतो. दहाच्या दहा पिना पडतात, त्या अचूक स्ट्राइकमध्येही बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो. डावखुऱ्याचा असेल तर पहिली, दुसरी, पाचवी आणि आठवी. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. बॉल एखादी पट्टी इकडेतिकडे आत आला की ही साखळी तुटते आणि कोपऱ्यातली एखादी पिन डुलून तशीच उभी राहते. म्हणून या खेळात ताकदीला मर्यादा आहे. तोच बॉल, त्याच पट्टीवरून, त्याच वेगाने, पुन्हा आणि पुन्हा टाकता येणं हीच इथली कमाई.

बॉलचं वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो. हे वजन किती जड जातं ते कॅनडाच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच ताडलं होतं. टोरांटोत बोलिंगची जागा चालवणाऱ्या थॉमस रायनच्या गिऱ्हाइकांना तो बॉल उचलून उचलून दमायला व्हायचं. मग त्याने १९०९च्या सुमारास पाच पिनांचा, तळहातात मावेल अशा छोट्या बॉलचा खेळ काढला. आजही कॅनडात फाइव्ह-पिन बोलिंग आवडीने खेळलं जातं आणि त्यात साठी-सत्तरीतले खेळाडूही सहज दिसतात. अँथनीला ती सवलत नव्हती. त्याने मोठ्याच बॉलवर उभी हयात काढली. शरीराने साथ कशी दिली, हा प्रश्न म्हणूनच या प्रकरणात महत्त्वाचा.

उशिरा सुरुवात

अँथनीचा जन्म १९३८चा. त्याला व्हायचं होतं बेसबॉलचा पिचर. डावखुरा पिचर म्हणजे तिकडे चांगली मागणी असलेला माल. पण दुखापत झाली आणि तो रस्ता बंद झाला. किराणा मालाच्या एका कंपनीत तो कामाला लागला. कंपनीची बोलिंगची टीम होती, तिच्यात सहकाऱ्यांबरोबर खेळायला लागला, तेव्हा वय एकवीस. बापाचं बोट धरून सातव्या वर्षी बोलिंगच्या हॉलमध्ये गेलेली मुलं तोवर त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी पुढे होती.

चार वर्षांत तो इतका तयार झाला की दौऱ्यावर जावंसं वाटलं. पीबीए तेव्हा नवीन होती. एडी इलायस नावाच्या वकिलाने १९५८ साली ओहायोतल्या ॲक्रनमध्ये ३३ खेळाडूंना एकत्र करून ती उभी केली होती. दौरा म्हणजे काय? दर आठवड्याला नवं शहर, नवा हॉल. प्रवास, राहणं, जेवण आणि प्रवेश शुल्क खेळाडूच्या खिशातून. बक्षिसात नाव आलं तर खर्च भागला, नाही तर घरून आणलेल्या पैशांवर गुजराण.

सात स्पर्धांत त्याला काहीच मिळालं नाही ते का, याचं माझं उत्तर असं. चार वर्षांत तो घरच्या हॉलमध्ये, जणू ओळखीच्या तळ्यात, पोहायला शिकला होता. ओळखीच्या लेनवर तेल कुठे संपतं, बॉल कुठे वळतो, हे अंगवळणी पडलेलं असतं. तिथली गुणांची सरासरी खेळाडूला स्वतःबद्दल खोटंच सांगते. दौऱ्यावर दर आठवड्याला पाणी बदलतं आणि ज्याची फेक रोज थोडी वेगळी पडते त्याला चूक लेनची की हाताची, हेच कळत नाही. बदल करावा तर कशात करावा? लेन वाचायची तर आधी हात स्थिर हवा. एक गोष्ट जागची हलत नाही असं ठाऊक असेल, तरच दुसरी मोजता येते.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये मी हेच बघतो. तालुक्याला पहिला आलेला मुलगा राज्य पातळीवर पहिल्याच फेरीत हरतो आणि दुसऱ्या दिवसापासून सगळंच बदलायला निघतो. पकड, शूज, गुरू, आहार. अँथनीने तसं केलं नाही.

सहा वर्षं

तो टॅकोमाला परतला, पुन्हा कामाला लागला आणि सराव करत राहिला. स्थानिक स्पर्धा खेळला. पुन्हा दौऱ्यावर जायची घाई त्याने केली नाही. १९६३ ते १९६९. पंचविशी ते तिशीपार. इतर खेळाडूंची उमेदीची म्हणतात ती वर्षं.

त्या वर्षांत घडलं काय, हे नंतरच्या फेकीत दिसतं. सत्तरच्या दशकातली चित्रणं मी कितीतरी वेळा हळू करून पाहिली आहेत. सुरुवातीची पावलं लहान, घाई नसलेली. बॉल मागे जातो तो खांद्याच्या जोराने ओढलेला नाही. घड्याळाचा लंबक मागे जावा तसा स्वतःच्या वजनाने जातो आणि स्वतःच्या वजनानेच खाली येतो. शेवटच्या पावलाला उजवा पाय फाउल लाइनपर्यंत घसरत जातो, डोकं त्या वेळी एका उंचीवर, जणू डोक्यावर भरलेला तांब्या ठेवला आहे. अंगठा आधी सुटतो, क्षणभराने दोन बोटं सुटतात आणि त्या क्षणभरात बॉलला फिरकी मिळते. बॉल लेनवर पडल्याचा आवाज येत नाही. तो टेकतो. हात पुढे वर जाऊन थांबतो, अंग डगमगत नाही आणि तो वळून चालायला लागतो. स्ट्राइक पडली तरी तसाच, नाही पडली तरी तसाच.

अशा फेकीला बोलिंगमध्ये स्ट्रोकर पद्धत म्हणतात. बरोबरच्या एका खेळाडूने त्याला दिलेलं टोपणनाव होतं 'डूम्सडे स्ट्रोकिंग मशीन'. बाकी लोक 'स्क्वेअर अर्ल' म्हणायचे, कारण केस वाढवायच्या आणि भडक कपडे घालायच्या त्या दशकात हा मनुष्य बँकेतल्या कारकुनासारखा दिसायचा. या फेकीत बघणाऱ्याला टाळी वाजवावीशी वाटेल असं काहीच नाही. पण त्यात वाया जाणारं, दुखणारं, एके दिवशी बिघडणारंही काही नाही.

१९७० ते १९७८

१९७० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, घराजवळच्याच सिएटल शहरात त्याने पहिलं विजेतेपद मिळवलं. तिथून पुढे ओघच लागला. १९७३, १९७४, १९७५ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं. १९७४ साली ॲक्रनची टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स. १९७५ साली एका मोसमात सात विजेतेपदं आणि एका मोसमात १ लाख डॉलरवर कमाई करणारा पहिला बोलिंगपटू. १९७४ ते १९७६ तिन्ही वर्षं तोच वर्षातला सर्वोत्तम खेळाडू.

त्या काळी शनिवारी दुपारी एबीसी वाहिनीवर शेवटचे पाच खेळाडू शिडीसारखे खेळायचे. पाचवा चौथ्याशी, जिंकेल तो तिसऱ्याशी, असं करत वर. पहिल्या क्रमांकावर असलेल्याला एकच गेम खेळावा लागे, पण तो आयत्या वेळी, तापलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर. ज्याला अंग गरम व्हायला दोन गेम लागतात त्याचं तिथे काही खरं नाही. अँथनीची पहिली फेक आणि विसावी फेक यांत फरक नसायचा. म्हणून ही रचना त्याच्या पथ्यावर पडली.

इथे एका आक्षेपाचा मान राखायला हवा, कारण तो तेव्हाच्या चांगल्या खेळाडूंनीच घेतला होता. उजव्या हाताने खेळणारे बहुसंख्य. त्यामुळे लेनच्या उजव्या बाजूचं तेल दिवसभरात झिजतं, पुढे ढकललं जातं आणि तिथला बॉल तासातासाला वेगळा वागतो. डावी बाजू तुलनेने तशीच राहते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जॉनी पेट्राग्लिया, डेव्ह डेव्हिस असे डावखुरे एकामागून एक जिंकत होते आणि 'हे डाव्या बाजूचं यश' अशी कुजबुज मोठ्याने होत होती. आक्षेप खोटा नाही. स्थिर लेन स्थिर हाताला जास्त फळ देते, हे मान्यच करायला हवं. पण तीच डावी बाजू इतर सगळ्या डावखुऱ्यांनाही मिळत होती आणि त्यांच्यापैकी कुणी ४१ विजेतेपदांच्या जवळपासही गेला नाही. शिवाय त्याच्या काळात बॉलच बदलत गेला. रबराचा होता, प्लॅस्टिकचा आला आणि ऐंशीच्या दशकाच्या तोंडावर लाकडाला जास्त पकडणारा युरेथेनचा आला. प्रत्येक बदलाने कुणाची ना कुणाची कारकीर्द संपवली. अँथनी तिन्ही काळांत खेळत आणि जिंकत राहिला. डाव्या बाजूने एखादा मोसम समजावून सांगता येईल. चौदा वर्षं नाही.

झटका

१९७८च्या एप्रिलमध्ये त्याने टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स दुसऱ्यांदा जिंकली. जूनमध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. वय चाळीस.

त्याच वर्षी मार्क रॉथने आठ विजेतेपदं मिळवून त्याचा सातांचा विक्रम मोडला. रॉथ उजव्या हाताचा, क्रँकर पद्धतीचा. धावत यायचा, मनगट झटकून बॉलला प्रचंड फिरकी द्यायचा आणि पिना अक्षरशः उधळायचा. प्रेक्षक त्याच्यावर फिदा होते. १९७७ ते १९७९ तिन्ही वर्षं सर्वोत्तम खेळाडू रॉथ, १९८० साली वेन वेब. स्ट्रोकरचे दिवस भरले, असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही.

आता जरा वजनाचा हिशेब करू. त्या काळच्या बऱ्याच स्पर्धांत आधी १८ गेम पात्रतेचे आणि मग २४ गेम एकास एक लढतींचे असत. म्हणजे अंतिम फेरीच्या आधीच ४२ गेम. एका गेममध्ये सरासरी पंधरा-सोळा फेकी धरल्या तर आठवड्याला साडेसहाशेच्या आसपास. प्रत्येक वेळी सव्वासात किलो. एका आठवड्यात एका हाताने साडेचार टनांहून जास्त वजन झुलवायचं, सराव वेगळाच. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कुठला डॉक्टर याला परवानगी देईल, असंच कुणालाही वाटेल. अँथनी काही महिन्यांतच पुन्हा दौऱ्यावर होता.

हे शक्य झालं त्याचं श्रेय मी त्याच्या जिगरीइतकंच त्या लंबकाला देतो. बॉल ज्याने खांद्याने ओढला, मनगटाने झटकला, त्याला ताकद गेली की खेळ गेला. ज्याने बॉलच्या वजनालाच काम करू दिलं, त्याच्याकडे ताकद थोडी कमी असली तरी खेळ शाबूत राहतो. टॅकोमातल्या त्या वर्षांत जी फेक त्याने घोटवली, ती दहा-पंधरा वर्षांनंतर आजारातून उठलेल्या शरीराला पेलवण्याजोगी निघाली. त्याने ती अशा प्रसंगासाठी घोटवली नव्हती, हे खरंच. तिशीच्या आतला कुठला खेळाडू चाळिशीतल्या आजाराचा विचार करून सराव करतो?

दुसरा डाव

१९८१, १९८२, १९८३. पुन्हा सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं, तिन्ही टोलीडोत. पुन्हा सलग तीन वर्षं सर्वोत्तम खेळाडू. पहिल्या तिहेरीच्या वेळी तो पस्तीस ते सदतीस वर्षांचा होता, दुसऱ्या तिहेरीच्या वेळी चाळिशी ओलांडलेला. १९८२च्या टोलीडोतल्या विजयाने त्याची एकूण बक्षिसं १० लाख डॉलरच्या पुढे गेली. बोलिंगमध्ये हा आकडा गाठणारा तो पहिला. एकोणीस वर्षांपूर्वी सात स्पर्धांची मिळून कमाई शून्य होती.

सगळंच त्याला मिळालं असं नाही. बोलिंगमधली यू.एस. ओपन त्याला एकदाही जिंकता आली नाही आणि हा डाग त्याच्या नावावर कायम राहिला. १९७७ आणि १९८४ साली त्याने जिंकलेल्या एबीसी मास्टर्स (इथे एबीसी म्हणजे वाहिनी नव्हे, अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही संघटना) या मोठ्या स्पर्धा पीबीएच्या विजेतेपदांत धरल्या जात नव्हत्या. त्या कित्येक वर्षांनी, २००८ साली, धरल्या गेल्या आणि आकडा ४१चा ४३ झाला. तोपर्यंत तो हयात नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर थांबल्यावर काही वर्षांनी तो परत आला, पण त्या फेरीत मुख्य दौऱ्यावर विजेतेपद मिळालं नाही आणि १९९१ साली कायमचा थांबला. कॅलिफोर्नियातल्या डब्लिनमध्ये त्याच्या नावाने बोलिंगचा हॉल चालायचा. १४ ऑगस्ट २००१ रोजी विस्कॉन्सिनमध्ये एका मित्राच्या घरी जिन्यावरून पडून तो गेला. वय त्रेसष्ट.

विक्रम पुढे मोडलेच. विजेतेपदांच्या संख्येत वॉल्टर रे विल्यम्सने २००६ साली त्याला मागे टाकलं. मोठ्या स्पर्धांतल्या दहा विजयांचा त्याचा आकडा २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमाँटने ओलांडला, तोही दोन्ही हातांनी बॉल टाकून, अँथनीच्या पिढीने कधी पाहिली नसेल अशा फिरकीने. पण २००९ साली पीबीएने आपल्या पन्नास मोसमांतले पन्नास सर्वोत्तम खेळाडू निवडले, तेव्हा विल्यम्सच्या नावावर जास्त विजेतेपदं असूनही परीक्षकांनी अगदी थोड्या फरकाने पहिला क्रमांक अँथनीलाच दिला.

माझ्याकडच्या मुलांना मी त्याची वर्षवार यादी एका कागदावर लिहून देतो. १९६३ समोर शून्य. १९६४, १९६५, १९६६, १९६७, १९६८, १९६९ या सहा ओळी कोऱ्या. मग १९७०. गेल्या महिन्यात तिरंदाजी करणारी एक मुलगी त्या कोऱ्या ओळींवर बोट ठेवून म्हणाली, "सर, इथे तुम्ही काहीच लिहिलं नाही. या वर्षांत तो काय करत होता?"

"नोकरी," मी म्हणालो, "आणि सराव."

तिने माझ्याकडून पेन घेतलं आणि सहाही ओळींत ते लिहिलं.